गोल पटाशी आणि मोगरी: कोरीव कामाची पहिली हत्यारे पारखताना

लाकडावर नक्षी कोरायला शिकणाऱ्याची पहिली चूक बहुधा लाकडाला हात लागण्यापूर्वीच होते. तो बारा पटाश्यांचा डबाबंद संच घेऊन येतो. त्यातल्या चार एकमेकींच्या जुळ्या बहिणी निघतात, तीन वर्षभर डब्यातून बाहेर येत नाहीत, आणि कामात पावलोपावली लागणारा बाक, म्हणजे तोंडाची गोलाई, नेमका संचात नसतो. त्यापेक्षा पाच-सहा पटाश्या सुट्या घ्याव्यात, प्रत्येक हातात धरून, उजेडाकडे करून, आणि वाचलेले पैसे धार लावायच्या दगडांवर घालावेत. बोथट झालेली भारी पटाशी नीट परजलेल्या साध्या पटाशीपुढे टिकत नाही.

आधी हत्यार ओळखा

कोरीव कामाची गोल पटाशी, म्हणजे गौज, धारेकडून मुठीकडे पाहत जा. धार, धारेमागचा बाहेरचा उतार, आतली पन्हळ, मग हळूहळू निमुळती होत जाणारी दांडी, मुठीला टेकणारा खांदा, मुठीत शिरलेले शेपूट, मुठीच्या तोंडावरची शेंबी (धातूचे कडे) आणि मूठ. हत्याराचे बहुतेक दोष यातल्या चार ठिकाणी सापडतात: धार, पन्हळ, खांदा, आणि मूठ-पात्याची सरळ रेषा.

गोल तोंडाची पटाशी दिसली की ती नक्षीचीच, असे समजू नका. सुतारकामातल्या काही गोल पटाश्यांचा उतार आतल्या बाजूला असतो. त्या उभ्या ठोकून अर्धगोल खाच करायला ठीक, पण लाकडातून बाहेर येताना त्यांची पाठ टेकत नाही आणि धार खोल खोल शिरत जाते. लेथवर चालणाऱ्या गौजचे पाते जाड, मूठ लांबलचक आणि उतार आखूड असतो. हाताने कोरायला ती निरुपयोगी. नक्षीच्या पटाशीचा मुख्य उतार बाहेर असतो, आत असलाच तर अगदी बारीक.

लांबीचाही प्रश्न येतो. पूर्ण मापाची पटाशी मुठीसकट साधारण 240 ते 280 मिलिमीटर भरते. ती दोन्ही हातांनी ढकलता येते आणि मोगरीने ठोकताही येते. तळहातात मावणारी छोटी पटाशी साधारण 130 मिलिमीटरची असते आणि तिला मोगरी कधीच लावायची नसते, कारण शेपूट आखूड असते आणि मुठीचे टोक बोंडासारखे गोल असते. छोट्या कामाची हौस असली तरी उठावाची नक्षी शिकायची असेल तर पूर्ण मापाचीच घ्या.

नंबर कसा वाचायचा

पात्यावर दोन आकडे कोरलेले असतात. एक बाकाचा नंबर, दुसरा धारेची रुंदी मिलिमीटरमध्ये किंवा इंचाच्या अपूर्णांकात. बाकाचा नंबर जितका मोठा तितकी पन्हळ खोल. 3 नंबर जवळजवळ सपाट, 5 उथळ, 7 मध्यम, 9 म्हणजे साधारण अर्धवर्तुळ, आणि 10-11 म्हणजे उभ्या भिंतींची इंग्रजी यू अक्षरासारखी पन्हळ.

इथे दोन पद्धती एकमेकींत मिसळतात. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जुन्या यादीत 1 म्हणजे सपाट पटाशी, 2 म्हणजे तिरक्या तोंडाची, आणि गोल पटाश्या 3 पासून सुरू. स्विस पद्धतीत 2 हीच सर्वात उथळ गोल पटाशी आणि तिरक्या तोंडाचीला 1 पुढे अक्षर जोडतात. वाकड्या दांडीच्या पटाश्यांना शेफील्ड यादी वेगळे, मोठे नंबर देते. स्विस पद्धतीत बाकाचा आकडा तोच राहतो आणि मागे अक्षर लागते. म्हणून दोन वेगळ्या कारखान्यांच्या पटाश्या एकाच नंबरच्या म्हणून घेतल्या तर बाक तंतोतंत जुळेलच असे नाही. भरवसा ठशावर ठेवा, आकड्यावर नाही.

ठसा घ्यायचा म्हणजे मऊ फळीच्या तुकड्यावर पटाशी उभी धरून हलकेच दाबायची. मग धारेचा एक कोपरा आधीच्या ठशाच्या टोकावर ठेवून पुढचा ठसा, असे करत वर्तुळ पुरे होईपर्यंत जायचे. 9 नंबरच्या दोन ठशांत वर्तुळ मिटते. नंबर उतरेल तसे ठसे वाढत जातात आणि वर्तुळ मोठे होते. एकाच नंबरच्या 10 आणि 20 मिलिमीटरच्या पटाश्यांचे ठसे पाहिलेत की आणखी एक गोष्ट ध्यानात येते: वर्तुळाला लागणारे ठसे दोघींचे तेवढेच, पण वर्तुळाचे माप दुप्पट. म्हणजे नंबर हा त्रिज्या सांगत नाही, वर्तुळाचा किती हिस्सा ते सांगतो. पाकळीची कड एखाद्या पटाशीच्या ठशात बसवायची असेल तर नंबर आणि रुंदी दोन्ही पाहावे लागतात ते याचमुळे.

पहिल्या सहा

पंधरा बाय वीस सेंटिमीटरची फळी, तिच्यावर एक पान, भोवतालची जमीन, म्हणजे नक्षीमागचा सपाट भाग, 8 ते 10 मिलिमीटर खोल. नवशिक्याचे पहिले काम बहुधा असेच असते, आणि त्याला लागतात एवढ्याच:

व्ही पटाशी, 60 अंशांची, 6 ते 8 मिलिमीटर. पानाच्या रेषेबाहेर दोन मिलिमीटर अंतर ठेवून चर पाडायला.
9 नंबर, 10 ते 12 मिलिमीटर. जमीन खाली नेताना मोठ्या ढलप्या हिनेच निघतात.
7 नंबर, 14 मिलिमीटरच्या आसपास. पानाच्या वळणावर उभी ठोकून कड कापायला.
5 नंबर, 12 ते 16 मिलिमीटर. पानाच्या अंगाचा चढउतार घडवायला.
3 नंबर, 16 ते 20 मिलिमीटर. जमीन सपाट करायला आणि फुगीर भाग गुळगुळीत करायला.
11 नंबर, 2 किंवा 3 मिलिमीटर. पानाच्या शिरा.

जमीन सपाट करायला एकदम सपाट पटाशी का नाही, असे नवशिके हमखास विचारतात. सपाट पटाशीचे दोन्ही कोपरे लाकडात रुततात आणि प्रत्येक फटक्याला दोन ओरखडे मागे राहतात. 3 नंबरचे कोपरे किंचित वर उचललेले असतात, म्हणून ती सपाटीवर सरकते.

वाकड्या दांडीच्या, चमच्यासारख्या आणि उलट्या बाकाच्या पटाश्या आत्ता नकोत. चमच्यासारखी पटाशी सरळ दांडी पोचत नाही अशा खोल खळग्यासाठी असते. वाकलेली दांडी मोगरीच्या ठोक्याखाली थोडी लवते, जोर वाया जातो आणि धार लावतानाही मनगटाची कसरत होते. माशाच्या शेपटीसारखी, धारेकडे पसरत जाणारी पटाशी मात्र पुढे उपयोगी पडेल. तिचे कोपरे अडचणीच्या कोनात पोचतात. पण ती परजत परजत मागे गेली की अरुंद होत जाते, म्हणून तिला मोगरीच्या रांगड्या कामात जुंपू नये.

हातात घेतल्यावर काय पाहायचे

एकेक पटाशी घ्या आणि खालच्या क्रमाने तपासा. दोन मिनिटे लागतात.

पहिले, सरळपणा. मूठ डोळ्याशी धरा आणि बंदुकीची नेम धरतात तसे पात्याकडे पाहा. पाते आणि मूठ एका रेषेत हवे. शेपूट तिरके बसले असेल तर मोगरीचा ठोका धारेच्या मधोमध न पोचता एका बाजूला जातो आणि पटाशी दर ठोक्याला वळू पाहते. हातात कितीही ताकद असली तरी हे कामात सुधारत नाही. वरून आणि बाजूने असे दोन्हीकडून पाहा.

दुसरे, पोलादाची जाडी. आता पटाशी उलटी धरून धारेकडून आत पाहा. पन्हळीभोवतीची भिंत एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सारख्या जाडीची हवी. एक कान जाड आणि दुसरा पातळ असेल तर धार लावताना पातळ बाजू आधी झिजते आणि तोंड तिरके होते. व्ही पटाशीत हा दोष सर्वात त्रास देतो. तिच्या दोन्ही भिंती सारख्या हव्यात आणि आतला चर दोहोंच्या बरोबर मध्ये, सरळ गेलेला हवा. चर तिरका असलेली व्ही पटाशी सरळ परत ठेवून द्यावी. ती कुणालाच नीट परजता येत नाही.

तिसरे, पन्हळ. आतला पृष्ठभाग गुळगुळीत हवा, निदान धारेलगतचा 20 मिलिमीटर भाग तरी. धार म्हणजे दोन पृष्ठभागांची भेट असते. बाहेरचा उतार आरशासारखा केला आणि आत घासणीचे खोल ओरखडे राहिले, तर प्रत्येक ओरखडा धारेवर दाता होऊन उतरतो. चकचकीत मुलामा किंवा जाड वार्निश पाहून भुलू नये. मुलाम्याखाली घासणीच्या रेघा दडलेल्या असतात. तिरपा उजेड पन्हळीत सोडला की त्या दिसतात.

चौथे, उताराचा कोन. कोनमापक लागत नाही. पात्याची जाडी आणि उताराची लांबी मोजा. जाडी 3 मिलिमीटर आणि उतार 9 मिलिमीटर लांब असेल तर कोन जवळपास 20 अंश. उतार 7 मिलिमीटर असेल तर 25, आणि 6 असेल तर 30 अंश. मऊ लाकडात हाताने ढकलायला 15 ते 20 अंश, कठीण लाकूड आणि मोगरीसाठी 20 ते 25 अंश ठीक. कारखान्यातून येणाऱ्या कित्येक पटाश्यांचा उतार आखूड, 30 अंशांच्या वर असतो. याचा अर्थ पटाशी वाईट असा नाही, पण घरी दगडावर बरेच घासावे लागेल हे धरून चला. ज्या पटाशीचे पाते मुळातच फार जाड आहे तिचा उतार कितीही लांब केला तरी ती पाचरीसारखी अडते. नक्षीचे पाते नाजूक दिसायला हवे.

पाचवे, खांदा आणि शेंबी. मुठीचे तोंड खांद्याला सगळीकडून टेकलेले हवे. नखही शिरू नये. फट असेल तर ठोक्याचा भार खांद्यावर न येता शेपटावर येतो, शेपूट मुठीत पाचरीसारखे घुसते आणि मूठ उभी चिरते. खांदाच नसलेली पटाशी मोगरीसाठी घेऊच नये. मूठ एका हातात, पाते दुसऱ्या हातात धरून पिळा. किंचितही हालता कामा नये. पात्याला नखाने टिचकी मारा. स्वच्छ टणत्कार आला तर बैठक घट्ट. बद्द आवाज आला तर शेपूट सैल आहे किंवा कुठे चीर आहे.

सहावे, मूठ. तंतू लांबीला सरळ गेलेले हवेत, तिरपे बाहेर पडणारे नकोत. अष्टकोनी मूठ मेजावरून गडगडत नाही आणि धार कोणत्या दिशेला आहे हे न पाहता बोटांना कळते. गोल मूठही चालते, फक्त मेजाच्या कडेला ठेवायची सवय सोडावी लागते. पटाशी पडते तेव्हा हमखास धारेवरच पडते. जाडी अशी हवी की मूठ वळल्यावर बोटांची टोके तळहाताला जेमतेम टेकतील.

राहिला प्रश्न पोलादाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. चांगल्या पटाशीची कठीणता रॉकवेल सी मापात साधारण 58 ते 61 असते. हे माप छापलेले असेल तर बरेच, नसेल तर बारीक दाताची कानस मदतीला येते. विक्रेत्याला विचारून, धारेवर नव्हे तर धारेजवळच्या कानाच्या बाजूला कानस एकदा हलकेच फिरवा. पाणी नीट दिलेल्या, म्हणजे तापवून कठीण केलेल्या, पोलादावरून ती काचेवरून घसरावी तशी घसरते. दाते रुतून लोखंडाचा कीस निघाला तर पोलाद मऊ आहे, आणि अशी धार दहा मिनिटांत बोथट होते. धारेजवळ निळसर किंवा जांभळट छटा दिसली तर पात्याचे पाणी उतरले आहे. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या सहाणेवर घासताना साध्या कार्बन पोलादाचे तापमान 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की हा निळा रंग येतो. छटा फक्त टोकाच्या एक-दोन मिलिमीटरात असेल तर तेवढे झिजवून खालचे चांगले पोलाद गाठता येते. पाच-सहा मिलिमीटरांपर्यंत पसरली असेल तर सोडून द्या.

जुन्या पटाश्या

जुन्या हत्यारांत उत्तम पोलाद पुष्कळदा मिळते, पण गंजाचा प्रकार पाहावा लागतो. वरवरचा तांबूस गंज तेल आणि पॉलिश कागदाने जातो. खड्डे पडलेला गंज वेगळा. बाहेरच्या बाजूचे खड्डे घासून निघतात, पन्हळीतले निघत नाहीत, कारण तिथे घासायला गेलात की बाकच बदलतो. धारेपासून पहिल्या 15 मिलिमीटरात, आतल्या बाजूला, सुईच्या टोकाएवढे जरी खड्डे असले तरी ते परजताना एकामागोमाग धारेवर येत राहतील. मुठीचे डोके छत्रीसारखे फाटून पसरलेले असेल तर कुणीतरी लोखंडी हातोडा वापरला आहे. मूठ बदलता येते, पण शेपूट वाकले आहे का ते आधी पाहा. पाते झिजून अगदी आखूड राहिले असेल तर नक्षीच्या पकडीला जागाच उरत नाही.

मोगरी

नक्षीची मोगरी गोल असते. सुतारी ठोकळ्यासारख्या मोगरीला दोनच सपाट तोंडे असतात, आणि प्रत्येक ठोक्याला ते तोंड मुठीसमोर आणावे लागते. कोरताना नजर मोगरीवर नसते, धारेवर असते. गोल डोके कसेही फिरले तरी सारखेच लागते. डोके वरच्या बाजूला रुंद आणि मुठीकडे किंचित निमुळते असते, त्यालाही कारण आहे: हात कोपरातून कमानीत फिरतो, आणि तो उतार असल्यामुळेच डोक्याची बाजू पटाशीच्या मुठीवर सपाट येऊन पडते. सरळ लाटण्यासारख्या डोक्याने कड लागते आणि मूठ घसरते.

वजन हा खरा निर्णय. 350 ते 500 ग्रॅम बारीक कामाला आणि उभ्या कापांना. 700 ते 900 ग्रॅम जमीन उतरवायला. सव्वा किलोच्या पुढची मोगरी मोठ्या मूर्तीच्या ढोबळ घडणीसाठी असते. एकच घ्यायची असेल तर 500 ग्रॅमच्या जवळची घ्या. जड मोगरीने काम लवकर होते हा भ्रम आहे. ती उचलतानाच मनगट थकते, मग ती नुसती सोडली जाते, आणि सोडलेली मोगरी ढलपी हवी तिथे थांबवत नाही.

वजनाचा अंदाज मापावरून बांधता येतो. 80 मिलिमीटर व्यासाच्या आणि 120 मिलिमीटर उंचीच्या डोक्याचे आकारमान साधारण 600 घन सेंटिमीटर. दर घन सेंटिमीटरला 0.75 ग्रॅम भरणाऱ्या लाकडाचे असे डोके 450 ग्रॅमचे होईल. लिग्नम व्हिटी या लाकडाची घनता 1.2 च्या आसपास, म्हणजे ते पाण्यात बुडते. त्याचे तेवढेच डोके 720 ग्रॅम भरेल. कमी आकारात जास्त वजन, म्हणून जुने कारागीर त्याच्यासाठी जीव टाकत. आता हे झाड साइटिस या, संकटग्रस्त वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये आहे, त्यामुळे नवे लाकूड कागदपत्रांशिवाय देशाबाहेर जात नाही. नवशिक्याचे त्यावाचून काही अडत नाही. बाभूळ, चिंच, बीच, मेपल यांसारखे दाट, चिवट लाकूड पुरते. साग नको, तो मोगरीसाठी हलका आणि लवकर चेपणारा.

मोगरीचे डोके वरून पाहा. वार्षिक वलयांचा मध्यबिंदू, झाडाचा गाभा, डोक्यात असेल तर लाकूड वाळताना त्या बिंदूपासून बाहेर चिरा जातात. गाभा बाहेर टाकून उरलेल्या लाकडातून कातलेली मोगरी टिकते. दांडा वेगळा बसवला असेल तर तो डोक्यातून आरपार जाऊन वरून पाचर मारलेला हवा. नुसता डिंकाने चिकटवलेला दांडा एक दिवस हातात राहतो आणि डोके उडते. एकाच तुकड्यातून कातलेल्या मोगरीत ही भीती नाही, पण तिचा दांडा तिरप्या तंतूचा असेल तर मानेशी मोडतो.

पितळेच्या किंवा ब्राँझच्या छोट्या डोक्याच्या मोगऱ्या आणि रबरासारखे पॉलियुरेथेनचे आवरण असलेल्याही मिळतात. पितळेची आकाराने लहान असल्यामुळे अडचणीच्या जागेत छान चालते, पण ठोका तीक्ष्ण लागतो. पॉलियुरेथेनची आवाज कमी करते आणि मनगटाला धक्का कमी देते. खाली शेजारी राहत असतील तर हा मुद्दा छोटा नाही. लोखंडी हातोडा मात्र कशावरच नको.

विकत घेण्यापूर्वी मोगरी हातात धरून, डोक्याच्या लगत पकडून, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर दोन मिनिटे हलके ठोके द्या. मनगटाच्या वरच्या शिरेत ओढ जाणवली तर एक माप खाली उतरा.

घरी आणल्यावर

नवी पटाशी धार लावूनच आली आहे असे लेबल सांगत असले तरी तिला एकदा स्वतः परजावेच लागते. लागते काय: 1000 आणि 4000 ते 6000 ग्रिटचे (आकडा मोठा तितका दगड बारीक) दोन सपाट दगड, पन्हळीत बसेल असा गोल कडेचा छोटा दगड, आणि क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोळलेला चामड्याचा पट्टा. पहिल्या पटाशीला तासभर लागू शकतो.

1. पटाशी दगडावर उभी, काटकोनात धरून एक-दोनदा हलकेच ओढा. धार मुद्दाम बोथट होते आणि तोंड सरळ होते. आता धारेकडून पाहिले तर एक पांढरी, चमकती रेघ दिसेल. हीच पुढची वाट दाखवते.

2. उतार 1000 च्या दगडावर टेकवा. कोपर अंगाशी ठेवून पटाशी एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत आलटूनपालटून फिरवत बाजूला सरकवा. दर दहा-बारा फेऱ्यांनी पांढरी रेघ पाहा. ती जिथे जाड तिथे जास्त घासायचे, जिथे बारीक तिथे थांबायचे. रेघ सगळीकडे एकदम नाहीशी झाली पाहिजे. एका जागी ती आधी संपली आणि तुम्ही तिथेच घासत राहिलात तर धार लाटांसारखी वरखाली होते.

3. आतल्या बाजूला बारीक दगडाने 5 ते 10 अंशांचा लहानसा उतार द्या, बाहेरच्या उताराच्या चौथाई लांबीचा. यामुळे ढलपी वर वळून बाहेर पडते आणि धारेला पाठबळ मिळते. पन्हळीच्या बाकापेक्षा जास्त मोठ्या गोलाईचा दगड वापरला तर कोपरेच घासले जातात.

4. धारेवर बोट आडवे फिरवून बाहेर दुमडलेला बारीक पत्रा, बर, शोधा. 4000 वर हलक्या हाताने घासून तो जवळजवळ घालवा, मग पट्ट्यावर. पट्ट्यावर पटाशी नेहमी मागे ओढायची, पुढे ढकलली की चामडे कापते.

व्ही पटाशीचे वेगळे आहे. तिच्या दोन्ही बाजू सपाट पटाशीसारख्या स्वतंत्र घासायच्या आणि खालची कड शेवटी किंचित गोल करायची. दोन भिंती जिथे मिळतात तिथे पोलाद जास्त असते, म्हणून नुसत्या बाजू घासल्या की टोकाला चोचीसारखा आकडा पुढे येतो. तो आकडा लाकडात अडकतो आणि चराच्या तळाशी कुसे उठतात. खालची कड घासून हा आकडा घालवावा लागतो. बाजू आणखी घासू नयेत.

पहिला काप आणि तो काय सांगतो

मऊ, सारख्या तंतूची फळी क्लॅम्पने मेजाला घट्ट बांधा. मोकळ्या फळीवर एका हाताने पकडून दुसऱ्याने पटाशी चालवली तर धार घसरून पकडलेल्या हातातच जाते. दोन्ही हात हत्यारावर असतील अशीच बैठक हवी.

9 नंबर घेऊन तंतूंना आडवा एक चर कोरा. आडव्या कापात धारेचे दोष लपत नाहीत. चराच्या आत पांढरी, खरबरीत रेघ दिसली तर धारेवर त्या जागी खाच आहे. चराच्या दोन्ही कडा स्वच्छ हव्यात. कडा फाटत असतील तर पटाशीचे कोपरे लाकडात बुडाले आहेत. कमी खोल जा किंवा जास्त बाकाची पटाशी घ्या. तळ चमकदार आणि कोणत्याही पॉलिशशिवाय गुळगुळीत दिसला तर धार बसली.

आता मोगरीने पन्नासेक ठोके कठीण लाकडाच्या तुकड्यात मारा आणि धार पुन्हा उजेडाकडे धरा. धार एका बाजूला दुमडून चमकत असेल तर पोलाद मऊ आहे किंवा कोन फार बारीक आहे. दोन-तीन अंशांनी उतार आखूड करून पुन्हा पाहा. धारेचे कण तुटून ती करवतीसारखी झाली असेल तर पोलाद ठिसूळ, किंवा तुम्ही ठोकल्यावर पटाशी बाजूला हलवून ढलपी उचकटली आहे. दुसरे कारण जास्त वेळा खरे असते. पटाशी तरफेसारखी वापरायची नसते; ढलपी सुटत नसेल तर पटाशी आली त्याच वाटेने मागे घ्या आणि पुढून उलटा काप देऊन ती सोडवा. नव्या पटाशीच्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरात कारखान्यातल्या घासणीने पाणी उतरलेले असू शकते, म्हणून दोन-तीनदा परजून मगच पोलादाला दोष द्या. सागावर काम करत असाल तर धार लवकर जाणारच, त्या लाकडात वाळूसारखी सिलिका असते. तिथे दर अर्ध्या तासाला पट्टा लागतो.

पटाश्या एकमेकींना लागतील अशा डब्यात टाकू नका. जाड कापडाच्या, प्रत्येकीला वेगळा कप्पा असलेल्या गुंडाळीत ठेवा, आणि पात्याला हलके तेलाचे बोट फिरवा. दमट हवेत चामड्याच्या पिशवीत महिनोन्‌महिने पडलेल्या पटाशीला चामड्यातल्या आम्लामुळे गंज चढतो.

सातवी पटाशी केव्हा घ्यायची ते कामच सांगते. एखाद्या वळणावर सहांपैकी एकही बसत नाही, असे तीनदा झाले की ते वळण कागदावर पेन्सिलीने उतरवून घ्या आणि जवळच्या पटाशीचा ठसा शेजारी मारा. दुकानात तो कागद घेऊन जा आणि धार कागदावर टेकवून बघा.